पाराशावर बोलायचं आहे? मग शुक्रवारची वाट पाहू नका

त्या आठवड्याच्या पाराशावर, म्हणजे तोराहच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) त्या आठवड्याला वाचायच्या भागावर, पाच-सात मिनिटं बोलायची जबाबदारी एखाद्यावर येते. कधी सिनेगॉगमध्ये सेफेर (तोराहची गुंडाळी) वाचून झाल्यावर, कधी किद्दुशनंतर (द्राक्षारसावरच्या आशीर्वादानंतर), कधी शुक्रवारी रात्री घरच्या टेबलावर. बोलणं मराठीतून असो, ठाण्यात असो की इस्रायलमधल्या लोदला, बहुतेक वेळा ते एकाच तऱ्हेनं फसतं. बोलणारा पाराशाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत सुटतो, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी चांगलं वागावं’ म्हणतो आणि बसतो. समोरच्या मंडळींनी तो पाराशा आत्ताच ऐकलेला असतो. चांगलं वागावं हेही त्यांना ठाऊक असतं.

दवार तोराहचं, म्हणजे पाराशावरच्या या छोट्या बोलण्याचं, काम वेगळं आहे. मजकुरात जिथे वाचणारा अडखळतो अशी एक जागा दाखवायची, ती का अडते ते सांगायचं आणि तिथून काहीतरी हाती लागलं तर ते ऐकणाऱ्यांपुढे ठेवायचं. ही जागा शुक्रवारी दुपारी मोबाइलवर शोधून सापडत नाही. म्हणून खालचे टप्पे आठवड्याच्या वारांप्रमाणे लावले आहेत. क्रम बदलू नका, विशेषतः दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचा.

उदाहरणासाठी बेहाआलोतखा हा एकच पाराशा शेवटपर्यंत घेतला आहे (बामिदबार, म्हणजे तोराहचं चौथं पुस्तक, ८:१ ते १२:१६). तो लांब आहे, त्यात विषय पुष्कळ आहेत, आणि नेहमीच्या चुका त्यात चटकन दिसतात.

## आधी हाताशी काय हवं

हिब्रू मजकुराचा हुमाश (तोराहच्या पाच पुस्तकांची छापील प्रत) हवा, शक्यतो रशी या मध्ययुगीन भाष्यकाराच्या भाष्यासह. छापील नसेल तर ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर मूळ मजकूर आणि बहुतेक मोठे भाष्यकार मोफत आहेत, अनेक ठिकाणी इंग्रजी भाषांतरासह. शिवाय एक मराठी भाषांतर, तुमच्या गावासाठीचं ज्यू पंचांग आणि एक वही. वही खरीच हवी. मोबाइलमध्ये टिपलेलं शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, उपयोगी पडत नाही.

मराठी भाषांतराबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. बहुतेक घरांत जे मराठी ‘पवित्र शास्त्र’ असतं ते ख्रिस्ती प्रकाशकांचं असतं. वाचायला ते जरूर वापरा, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवून.

एक, अध्यायांची मोडणी काही ठिकाणी हुमाशपेक्षा वेगळी असते. वायिश्लाह पाराशा हुमाशात बेरेशीत (पहिलं पुस्तक) ३२:४ ला सुरू होतो, ख्रिस्ती मोडणीत तेच वचन ३२:३ असतं. साव हा पाराशा आपल्याकडे वायिक्रा (तिसरं पुस्तक) ६:१ ला सुरू होतो, तिकडे ६:८ ला. कोराहच्या गोष्टीत तर पंधरा वचनांचा फरक पडतो: आपलं बामिदबार १७:१ म्हणजे त्यांचं १६:३६. बेहाआलोतखाचा तोराहचा भाग दोन्हीकडे सारखाच आहे, पण त्याची हफ्तारा (पाराशानंतरचं संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं वाचन) जखर्याह २:१४ ला सुरू होते आणि ख्रिस्ती मोडणीत ती जागा २:१० आहे.

दोन, परिच्छेदांवरची ठळक शीर्षकं संपादकांनी घातलेली असतात. ती तोराहचा भाग नाहीत. त्यांच्या आधारानं काहीही मांडू नका. तळटिपा नव्या कराराकडे नेतात, त्या बाजूला ठेवा.

तीन, नावं वेगळी असतात. पेसाहसाठी तिथे ‘वल्हांडण’ छापलेलं असेल, बामिदबारसाठी ‘गणना’. शोधताना हे माहीत हवं. बोलताना आपल्या मंडळींची नावं वापरा.

तपासा: पाराशाचं पहिलं आणि शेवटचं वचन हुमाशात आणि मराठी प्रतीत, दोन्हीकडे बोट ठेवून जुळवलंत का?

## टप्पा १ : पाराशा कोणता ते पक्कं करा (रविवार)

हे सांगायची गरज काय, असं वाटेल. गरज आहे. इस्रायलमधला आणि भारतातला पाराशा दर वर्षी सारखा चालतोच असं नाही. इस्रायलबाहेर शावुओथ हा सण दोन दिवस पाळला जातो, पेसाह आठ दिवस. त्यातला शेवटचा दिवस शब्बाथला आला की बाहेर सणाचं वाचन होतं, इस्रायल मात्र पुढच्या पाराशावर गेलेलं असतं.

२०२६ मध्ये नेमकं हेच होतं. शावुओथ २२ मे रोजी शुक्रवारी येतो. शनिवारी २३ मे रोजी इस्रायलमध्ये नासो वाचला जातो, मुंबईत शावुओथच्या दुसऱ्या दिवसाचं वाचन होतं. बेहाआलोतखा इस्रायलमध्ये ३० मे रोजी, मुंबईत ६ जून रोजी. हा फरक २७ जूनपर्यंत टिकतो. त्या शब्बाथला भारतात हुक्काथ आणि बालाक एकत्र वाचतात, आणि दोन्हीकडची गाडी पुन्हा बरोबरीनं चालू लागते. अश्दोदच्या मावशीनं पाठवलेला संदेश वाचून ठाण्यात तयारी केली, तर शनिवारी भलत्याच पाराशावर बोलायला उभं राहावं लागेल. ‘हेबकॅल’सारख्या संकेतस्थळावर ‘इस्रायल’ आणि ‘बाहेर’ अशी निवड असते. आधी ती पाहा.

हफ्ताराही पक्की करा. बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू) सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) पद्धतीनं चालतात, आणि इंटरनेटवरची बरीच विवेचनं अश्कनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) वाचनावर बेतलेली असतात. शेमोथ पाराशाला अश्कनाझी यशायाह वाचतात, सेफार्दी यिर्मयाहचा पहिला अध्याय. तुम्ही यशायाहवर बोललात आणि हझाननं (प्रार्थना चालवणाऱ्यानं) आत्ताच यिर्मयाह वाचलेला असला, तर लोक गोंधळतील.

तपासा: सोमवारी आणि गुरुवारी सकाळी येत्या पाराशाचा पहिला भाग वाचला जातो. मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा जण) जमत असेल तिथे हजर राहा, किंवा हझानना एक फोन करा.

## टप्पा २ : भाष्य मिटून मजकूर वाचा (सोमवार, मंगळवार)

जुनी रीत अशी की आठवड्याचा पाराशा दोनदा मूळ वाचावा आणि एकदा तर्गुम, म्हणजे ओन्केलोसचं अरामी भाषांतर. ही रीत तलमूदात (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) बेराखोथ ८अ मध्ये आली आहे, आणि शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ तर्गुमच्या जागी रशीचं भाष्यही चालवून घेतो. ज्यांना हिब्रू नीट येतं त्यांनी हेच करावं. येत नसेल तर मराठी भाषांतर दोनदा वाचा आणि तिसऱ्यांदा दुसरं एखादं भाषांतर शेजारी ठेवा. दोन भाषांतरं जिथे एकमेकांपासून दूर जातात तिथे खूण करा. बहुतेकदा मूळ मजकूरच तिथे अवघड असतो, आणि हिब्रू न येणाऱ्यालाही ती जागा अशी कळते.

या टप्प्यात कुणाचंही विवेचन वाचायचं नाही, ऐकायचंही नाही. एकदा दुसऱ्याचा मुद्दा डोक्यात बसला की पुढच्या प्रत्येक वाचनात तुम्हाला तोच दिसत राहतो. लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आणि ती मेहनती माणसं जास्त करतात, कारण त्यांना ‘अभ्यास’ करायचा असतो.

बेहाआलोतखा वाचताना वहीत विषयांची नुसती यादी करा: मेनोरा, लेवींची शुद्धी, दुसरा पेसाह, मेघ, चांदीचे कर्णे, होबाबला केलेली विनंती, मांसासाठीची रड, सत्तर वडीलधारे, एल्दाद आणि मेदाद, लावे पक्षी, मिर्याम. यातला एकच भाग तुम्हाला लागणार आहे. बाकीच्यांचा मोह आत्ताच सोडा.

## टप्पा ३ : प्रश्न शोधा (मंगळवार रात्र, बुधवार)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे घाईत उरकले तरी निभावेल, हा नाही.

प्रश्न म्हणजे ‘यातून आपण काय शिकतो?’ हा प्रश्न नव्हे. मजकुरातच खटकणारी गोष्ट हवी: काही दोनदा सांगितलं आहे, काही सांगायचं राहिलं आहे, क्रम उलटा आहे, कुणी विचारलं त्याहून वेगळं उत्तर मिळालं आहे.

बामिदबार ९:६ ते ९:१४ घ्या. मृताच्या स्पर्शानं अशुद्ध झालेले काही लोक पेसाहचा यज्ञ करू शकत नाहीत. ते मोशे आणि अहारोन यांच्याकडे येऊन विचारतात: आम्ही अशुद्ध आहोत हे खरं, पण परमेश्वराचं अर्पण त्याच्या वेळी इतर इस्रायलींबरोबर करण्यापासून आम्ही का वगळले जावं? मोशे म्हणतो, थांबा, तुमच्याबद्दल परमेश्वर काय आज्ञा करतो ते ऐकतो. मग आज्ञा येते: एका महिन्यानंतर, दुसऱ्या महिन्याच्या १४ व्या दिवशी, त्यांनी तो करावा.

इथे निदान चार प्रश्न निघतात.

(अ) ९:१ मध्ये हा प्रसंग दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात घडल्याचं म्हटलं आहे, पण पुस्तकाची सुरुवात दुसऱ्या महिन्यात होते. मग आधीचं नंतर का?

(आ) मोशेला उत्तर का माहीत नव्हतं?

(इ) या लोकांना नियमानं सूट होतीच. सूट असलेली माणसं तक्रार कशाची करतात?

(ई) त्यांनी फक्त अशुद्धतेबद्दल विचारलं होतं. ९:१० चं उत्तर मात्र दूरच्या वाटेवर असलेल्यालाही सामावतं, आणि तेही पुढच्या पिढ्यांसाठी. जे विचारलंच नाही ते उत्तरात कुठून आलं?

मला यातला चौथा प्रश्न सर्वांत कसदार वाटतो, आणि तिसरा त्याला जोडून येतो. पहिला अभ्यासवर्गासाठी उत्तम आहे. सात मिनिटांत तो उलगडत नाही.

सावध: प्रश्न सापडला की तो उतारा शेवटच्या वचनापर्यंत पुन्हा वाचा. दुसऱ्या पेसाहवर बोलताना ‘तोराह प्रत्येकाला दुसरी संधी देते’ असं सर्रास म्हटलं जातं. ९:१३ तसं म्हणत नाही. जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही आणि तरी पेसाह करत नाही, त्याला कडक शिक्षा सांगितली आहे. ही संधी ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी आहे; ज्यांनी मनावर घेतलं नाही त्यांच्यासाठी नाही. तीन वचनं आधी थांबलात, तर तोराहच्या तोंडी तिनं न म्हटलेलं घालाल.

तपासा: तुमचा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला, वचन वाचून दाखवून, दोन वाक्यांत सांगता येतो का? येत नसेल तर तो अजून प्रश्न झालेला नाही.

## टप्पा ४ : आता भाष्यकार उघडा (बुधवार, गुरुवार)

रशीपासून सुरुवात करा. त्याचं म्हणणं वाचायच्या आधी स्वतःला विचारा की या वचनात त्याला काय अडलं असेल. तोराहच्या शिक्षिका नेहामा लाइबोविट्स यांनी १९४२ पासून दर आठवड्याला पाराशावरच्या प्रश्नांची पत्रकं काढली. त्यांची शिकवण्याची पद्धत याच सवयीवर उभी होती, आणि घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्यालाही ती जमते.

९:७ वर रशी म्हणतो की खरं तर हा भाग बाकी तोराहप्रमाणे मोशेकरवीच सांगितला जायचा होता, पण या माणसांचं पुण्य असं की तो त्यांच्या निमित्तानं सांगितला गेला. ही माणसं कोण होती यावर तलमूदात (सुक्का २५अ-ब) तीन मतं आहेत: योसेफची शवपेटी वाहणारे, अहारोनचे मुलगे नादाव आणि अवीहू यांची प्रेतं उचलणारे मिशाएल आणि एल्साफान, किंवा ज्याला कुणी नाही अशा मृताला मूठमाती देणारे. तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: अशुद्धता त्यांना कर्तव्य करताना आली.

‘दूरची वाट’ म्हणजे किती दूर, यावरही मिश्ना, तलमूदाची मूळ संहिता (पेसाहीम ९:२), दोन मतं देते. रब्बी अकीवा मोदिईम गाव आणि तेवढंच अंतर सगळ्या दिशांना धरतात. रब्बी एलिएझर म्हणतात, मंदिराच्या अंगणाच्या उंबरठ्याबाहेर असलं तरी पुरे. रशी दुसरं मत घेतो.

दोन भाष्यकार पुरेत, तीन म्हणजे कमाल. चौथा घेतलात की ऐकणारे नावंच मोजत बसतात.

सावध: ‘रशी म्हणतो’ असं म्हणण्यापूर्वी रशी उघडून पाहा. संदेशांतून फिरणारी कितीतरी सुंदर वाक्यं भलत्याच माणसाच्या नावावर असतात. मूळ सापडलं नाही तर ते वाक्य वापरू नका. आणि ज्यानं तुम्हाला एखादा मुद्दा शिकवला त्याचं नाव घ्या. पिर्के आवोथ या रब्बींच्या वचनांच्या संग्रहाचा सहावा अध्याय याबद्दल स्पष्ट आहे.

## टप्पा ५ : एकच मुद्दा, आणि आजच्याशी जोड (गुरुवार)

वहीत एक वाक्य लिहा. आपल्या उदाहरणात ते असं होईल: *त्यांनी स्वतःपुरतं विचारलं, पण त्यांच्या प्रश्नानं पुढच्या पिढ्यांतल्या दूरच्या माणसांसाठीही दार उघडलं.* या वाक्याच्या कामी न येणारं सगळं गाळा, कितीही आवडलेलं असलं तरी.

मग जोड. ती इथे आपल्या मंडळींना दूर शोधावी लागत नाही. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळानं बेने इस्रायलच्या विवाहांसाठी पूर्वजांची खास चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. १९६४ मध्ये आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतनं (इस्रायलच्या संसदेनं) त्यांची बाजू घेतली, आणि सूचनांतून बेने इस्रायलचा वेगळा उल्लेख काढण्यात आला. त्यांना वेगळी सोय नको होती. इतर इस्रायलींबरोबर, त्याच रीतीनं, हीच मागणी होती. ९:७ मधल्या माणसांचीही तीच होती.

पण जोड कुठे संपते ते तुम्हीच सांगा. पाराशातली माणसं ‘आम्ही अशुद्ध आहोत’ हे स्वतः मान्य करतात. बेने इस्रायलच्या बाबतीत तसं मान्य करण्यासारखं काही नव्हतं. शंका बाहेरून आली होती. हे न सांगता तुलना तशीच सोडलीत, तर ज्यांचे आईवडील त्या धरण्यात बसले होते ते दुखावतील, आणि ते बरोबरच असतील.

सावध: जोड आधी सुचली आणि पाराशा तिच्यासाठी शोधला, असं झालं असेल तर मागे फिरा. विशेषतः निवडणुकीच्या आणि युद्धाच्या आठवड्यांत हे फार होतं.

## टप्पा ६ : लिहा आणि मोठ्यानं वाचा (गुरुवार रात्र)

आधी वचन, मग प्रश्न, मग भाष्यकारांची उत्तरं, मग तुमचा मुद्दा, शेवटी जोड. वचन पहिल्या मिनिटातच आलं पाहिजे. ‘आज मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल’ यात वेळ घालवू नका. पाराशाचा सारांश हवाच असेल तर फक्त तुमच्या उताऱ्याच्या आधीचं, दोन वाक्यांत.

घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. सात मिनिटांच्या पुढे गेलं तर एक भाष्यकार काढा. वाचण्याचा वेग वाढवू नका. हिब्रू शब्द घेतलात तर त्याच वाक्यात मराठीत सांगा. समोर आजीही बसलेली असते आणि पाहुणाही.

देवाचं चार अक्षरी नाव कागदावर लिहू नका, उच्चारू तर नकाच. मराठीत ‘परमेश्वर’ म्हणा, किंवा ‘हाशेम’. सरावासाठी हिब्रू वचन वाचतानाही तेच.

## टप्पा ७ : शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी

शब्बाथला लिहिणं नाही, खोडणं नाही, मोबाइल नाही. म्हणून शेवटची दुरुस्ती दिवे लावण्याच्या आधी झालेली हवी. सिनेगॉगमध्ये बोलणार असाल तर एरूव (शब्बाथला वस्तू नेता याव्यात म्हणून आखलेली हद्द) नसलेल्या गावात कागद खिशात घालून रस्त्यानं नेता येत नाही. शुक्रवारीच तो तिथे नेऊन ठेवा, आपल्या सिद्दूरमध्ये (प्रार्थनापुस्तकात), आणि कुठे ठेवला ते हझानना सांगा. घरून सिनेगॉगपर्यंत तुम्ही रिकाम्या हातानं चालणार आहात, त्यामुळे प्रश्न आणि मुद्दा ही दोन वाक्यं पाठ हवीत.

## सण आला तर काय बदलतं

सणाचा दिवस किंवा होल हामोएद (लांब सणाच्या मधले दिवस) शब्बाथला आला की नेहमीचा पाराशा थांबतो आणि सणाचं वाचन होतं. अशा वेळी टप्पे तेच, मजकूर वेगळा. अनेक मंडळींत पेसाहला शीर हाशिरीम, शावुओथला रूथ, सुक्कोथला कोहेलेथ ही पुस्तकं वाचतात. पुरीमला एस्तेर तर सर्वत्रच. बोलायला हे मजकूर फार समृद्ध आहेत, तरी लोक दर वर्षी सणाची तीच ओळख करून देतात. शावुओथला चीजकेकबद्दल बोलण्यापेक्षा रूथच्या पहिल्या अध्यायातलं एक वचन घ्या.

आदार महिन्याच्या आसपासचे चार शब्बाथ (शेकालीम, झाखोर, पारा, हाहोदेश) दुसऱ्या सेफेरमधून जादा वाचन आणतात आणि त्या दिवशीची हफ्ताराही त्यालाच धरून बदलते. रविवारीच हे पाहून ठेवा.

तिशा बेआवची (मंदिराच्या नाशाच्या शोकाच्या उपासाची), म्हणजे आपल्या बिरड्याच्या रोजाची, गोष्ट वेगळी आहे. तोराहचा अभ्यास मनाला आनंद देतो म्हणून त्या दिवशी नेहमीचा अभ्यास वर्ज्य असतो. एखा (विलापगीत), इयोव (ईयोब) आणि यिर्मयाहमधले दुःखाचे भाग चालतात. त्या संध्याकाळी बोलायला सांगितलं तर एखामधलं एक वचन घ्या, थोडक्यात बोला, आणि शेवटी दिलासा जोडायची घाई करू नका. दिलाशाची हफ्तारा पुढच्या शब्बाथ नाहामूला येतेच.

## बोलून झाल्यावर

कुणी प्रश्न विचारला तर तो डोक्यात ठेवा आणि हावदाला (शब्बाथ संपल्याचा विधी) झाल्यावर वहीत टिपा. पुढच्या वर्षी त्या पाराशाची तयारी तिथूनच सुरू करता येईल. हिब्रू वचनं छापून वाटली असतील तर ते कागद गोळा करा. ज्यांवर देवाचं नाव आलं आहे ते कचऱ्यात किंवा रद्दीत जाऊ देऊ नका. सिनेगॉगमधल्या गेनिझासाठी (असे पवित्र कागद ठेवण्याच्या जागेसाठी) हझानांकडे द्या.